खोपीची कडी

दारात माणूस उभा आहे. तो मागतोय ते वाजवी आहे, द्यायला आपल्याकडे आहे, आणि तरीही आपण म्हणतो, "बघतो." वाचकहो, हा प्रसंग कोणाच्या घरी घडला नाही? कचेरीत घडतो, शाळेत घडतो, आणि देवाचं नाव घेणाऱ्यांच्या घरी तर हमखास घडतो. सायलस लुहांगाच्या अंगणात तो ऑक्टोबरातल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका सकाळी घडला.

सायलस आमच्या डोंगरावरच्या ख्रिस्ती मंडळीतला वडील, म्हणजे पंचांपैकी एक. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, पाच गावांना मिळून एकच. ते महिन्यातून एकदा मोटरसायकलवरून धूळ उडवत यायचे, राहिलेल्या रविवारी उपदेश सायलसच करायचा. शिवाय गावात कबर खणणाऱ्यांचा म्होरक्याही तोच. गावाचे दोन टिकाव, तीन फावडी आणि एक पहार त्याच्या घरामागच्या खोपीत ठेवलेली असायची. कोणाकडे मयत झाली की त्या घरचं माणूस सायलसकडे येणार, सायलस खोपीची कडी काढणार आणि तरुण पोरं खांद्यावर अवजारं टाकून टेकडीकडे निघणार. तीस वर्षं असंच चाललं होतं.

त्या सकाळी दारात उभी होती न्यागोंडवे. आमच्याकडे बाईला माहेरच्या कुळावरून हाक मारतात, म्हणून न्यागोंडवे, गोंडव्यांची लेक. तिचा नवरा लेवी पहाटे गेला होता. तिच्या पायांत चपला नव्हत्या आणि डोक्याला फडकं बांधायचंही तिला सुचलं नव्हतं.

"सायलसदादा," ती म्हणाली, "तुम्हाला कळलंच असेल."

"कळलं, वहिनी."

"उन्हाळा किती आहे बघताय ना? उद्या दुपारपलीकडे ठेवता नाही येणार त्यांना. पोरं दोघं जोहान्सबर्गला खाणीत, त्यांना निरोप पोचायलाच आठ दिवस. घरात मी आणि आंधळे भाऊजी. तेवढे टिकाव आणि पहार द्या. माणसं नाही मागत मी. आम्ही दोघं खणू."

बाई कबर खणणार! आमच्या डोंगरावर हे कधी कोणी ऐकलं नव्हतं. आणि त्याहून न ऐकलेली गोष्ट अशी, की गावात मयत असताना त्या क्षणी चारी बाजूंनी उखळांचे आवाज येत होते. मयताच्या दिवशी आमच्याकडे कोणी शेतावर जात नाही, कोणी मका कांडत नाही. सगळं गाव त्या अंगणात जाऊन बसतं. त्या दिवशी मात्र बाया मुसळं हाणत होत्या आणि पुरुष कुदळी घेऊन शेताकडे निघाले होते, जसं काही झालंच नाही. मुखियाचा हुकूमच तसा होता.

गेल्या पावसाळ्यात गावात आठवड्याच्या आत दोन मुलं तापानं गेली. त्यातला एक मुखियाचा नातू. मुखियाही आमच्याच मंडळीतला, रविवारी तिसऱ्या बाकावर बसणारा, वाईट माणूस नव्हे. पण नातू गेल्यावर त्याला भीतीनं झोडपलं आणि त्यानं खालच्या खोऱ्यातून एक चेटूक शोधणारा बोलावला. हुकूम सुटला, प्रत्येक घराने यायचं आणि त्याच्या वाटीतलं काळं पाणी प्यायचं. जो पिणार नाही तो चेटक्या! मंडळीत हे वर्ज्य आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे गेले. सायलसही गेला, रांगेत तिसरा. अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहावं असं शास्त्रच सांगतं, असं त्यानं मनाला समजावलं आणि वाटी तोंडाला लावली.

एकटा लेवी गेला नाही. तो म्हणाला, "मला प्रभूनं एकदा धुऊन घेतलंय. आता आणखी काय पिऊ?" बायकोलाही त्यानं पाठवलं नाही. मुखियानं भर सभेत सांगून टाकलं, "त्या घराला कोणी विस्तव द्यायचा नाही. आणि त्या घरचा मेला तर कोणी खणायचं नाही."

तर आता लेवी मेला होता.

"वहिनी," सायलस जमिनीकडे बघत म्हणाला, "अवजारं माझी नाहीत हो. गावाची आहेत."

"मी गावातलीच ना, दादा?"

सायलसनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि शेवटी तो शब्द बोलला, जो आपण सगळे बोलतो.

"बघतो."

ती गेली. कडेच्या व्हरांड्यात, जिथून पुढचं अंगण आणि मागची खोप दोन्ही दिसत, चटईवर पडलेली एस्नाती, सायलसची बायको, सगळं ऐकत होती. दोन वर्षांपासून तिच्या पोटात गाठ होती. इस्पितळातल्या डॉक्टरांनी शेवटी हात टेकले आणि घरी न्या म्हणून सांगितलं. अंगाची नुसती काडी झाली होती, जीभ मात्र तशीच शाबूत.

"काय बघणार आहात?" तिनं विचारलं.

"तू पड निवांत."

"निवांतच पडलेय. दुसरं काय करणार?"

सायलसच्या मनात काय चाललं होतं ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आज त्यानं टिकाव दिला तर उद्या एस्नातीसाठी कोण खणणार? तिला कोण खांदा देणार? रोज सकाळी चुलीवर लापशी ढवळताना, दुपारी तिची कूस बदलताना, त्याच्या डोक्यात हाच एक भुंगा असायचा. बाकी सगळं तो सोसायला तयार होता. पण चाळीस वर्षांच्या सोबतिणीला चटईत गुंडाळून एकट्यानं ओढत न्यायचं, हे चित्र मात्र त्याला सोसवत नव्हतं.

मग त्याला एक युक्ती सुचली. आणि वाचकहो, माणूस भित्रा झाला की त्याला फार सुंदर युक्त्या सुचतात! तो घरामागं गेला, खोपीची कडी काढली, दार वीतभर उघडं ठेवलं. आपली शेतातली कुदळ खांद्यावर घेतली आणि निघाला. पाणवठ्याच्या वाटेवर न्यागोंडवे भेटली. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "खोप उघडीच राहिली वाटतं माझी. जाऊ दे. मी शेतावर चाललोय, दुपारपर्यंत काही येत नाही."

पावलं उचलत तो पुढे गेला. मन हलकं झालं होतं. दिलं म्हणाल तर दिलं नाही, नाही म्हणाल तर नाहीही म्हटलं नाही. मुखियाचा हुकूम शाबूत, देवही नाराज नाही. त्या सकाळी त्यानं मक्याच्या वाळक्या ताटांचे चार ढीग रचले आणि एक जुनं गीतही गुणगुणला.

दुपारी तो परतला. आधी घरामागं गेला. खोपीचं दार बंद होतं आणि कडी लावलेली होती. त्यानं कडी काढून आत पाहिलं. टिकाव, फावडी, पहार, सगळं जागच्या जागी.

"आली नाही का ती?" त्यानं व्हरांड्यात येऊन विचारलं.

"आली होती की," एस्नाती म्हणाली. "दार उघडं बघून उभी राहिली. आत डोकावली. मला वाटलं, आता घेईल. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी तोंड भिंतीकडे केलं. तर कडी वाजली. बघते तर हिनं दार ओढून कडी लावलेली! मी म्हटलं, अगं बाई, घेऊन जा ना! तर म्हणते कशी, उघडं राहिलं तर शेळ्या शिरतील आत."

"एवढंच म्हणाली?"

"नाही. म्हणाली, तो माणूस जन्मभर ताठ मानेनं जगला. त्याला चोरीच्या टिकावानं पुरू का मी?"

सायलस मटकन खाली बसला. अंगणात उखळांचे आवाज येत होते.

"चोरीचा कसा?" तो पुटपुटला. "मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं."

"तेच म्हणते मी. तुम्ही दिला नाहीत, तुम्ही तिला चोर व्हायला सांगितलंत. म्हणजे पकडली गेली तर ती पकडली जाणार, तुम्ही नाही. वा रे माझे पंच!"

"एस्नाती, तुला कळत नाही. अधिकार देवानं दिलेला असतो. मुखियाचं ऐकायचं नाही तर—"

"ऐकायचं नाही असं कोण म्हणालं?" एस्नाती कोपरावर उठायला गेली, जमलं नाही, तशीच पडून बोलत राहिली. "रस्ता बांधा म्हणाले, बांधलात. शाळेच्या विटा भाजा म्हणाले, मी स्वतः डोक्यावरून पाणी आणलं विटांना. चांगल्या कामाला कधी नको म्हटलं का आपण? पण मेलेला माणूस उघडा पडू द्या, हा हुकूम झाला का? देवानं त्यांना खुर्ची दिली हे खरं. तुम्ही त्या खुर्चीलाच देव करून बसलात!"

सायलसनं पाण्याचं भांडं तिच्याजवळ सरकवलं.

"आणि मला माहितीय तुम्ही कशाला भिता ते," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्यासाठी कोण खणणार, हेच ना? रोज लापशी ढवळताना तुमच्या तोंडावर लिहिलेलं असतं ते. अहो, मला मेल्यावर काय कळणार आहे! कोल्ह्यांनी नेलं तरी चालेल मला. पण आज रात्री माझ्या उशाशी बसून प्रार्थना कराल, तेव्हा कुठल्या तोंडानं कराल? माझ्या नावावर हे पाप नका खपवू. मला ओझं होतंय त्याचं."

आणि तो म्हातारा गडी ढसाढसा रडला! बायकोच्या पायाशी डोकं टेकून रडला. मग उठला, खोपीत गेला, दोन्ही टिकाव आणि पहार खांद्यावर घेतली, फावडं हातात धरलं आणि आडवाटेनं न जाता गावाच्या मधोमध निघाला. ज्या अंगणावरून तो जाई तिथलं मुसळ थांबे. तो पुढे गेला की पुन्हा सुरू होई.

न्यागोंडवेच्या अंगणात जाऊन त्यानं टिकाव तिच्या पुढ्यात धरला. "वहिनी, सकाळी चुकलो. हा घ्या. मी हातानं देतोय. आणि खणायलाही मीच येतोय."

तिनं टिकाव घेतला. तशीच टेकडीकडे निघाली.

ऑक्टोबरात आमची लाल माती भाजलेल्या विटेसारखी होते. दोघं घावामागून घाव घालत होते, आंधळे भाऊजी हातांनी चाचपून माती बाजूला करत होते. खड्डा कमरेइतका झाला तेव्हा काठावर सावली पडली. मुखिया काठी टेकत आला होता.

"सायलस, अरे वय काय तुझं! कंबर धरेल," तो हसून म्हणाला.

"धरलीच आहे, बाबा."

"वर ये. तू चांगला माणूस आहेस. तुझ्यावर हात उगारायची माझी इच्छा नाही."

"रस्त्याच्या कामाला बोलवा बाबा, उद्या सगळ्यांच्या आधी येतो. शाळेच्या छपराला बोलवा. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. हा एक मोडतोय. उघड मोडतोय, तुमच्यासमोर. काय शिक्षा असेल ती द्या."

मुखियाचं हसू मावळलं. त्याचे डोळे लाल झाले. "माझा नातू त्या टेकडीवर पडलाय," तो म्हणाला. "चार वर्षांचं पोर. कोणी तरी केलंच ना ते?"

"तो तापानं गेला, बाबा. त्याची कबर मीच खणली होती. लेवी माझ्याबरोबर होता खणायला."

क्षणभर वाटलं, म्हातारा विरघळणार. पण मागे गावातली चार माणसं येऊन उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. अधिकार हाती असलेल्या माणसाला चारचौघांत मागं फिरणं फार अवघड जातं. त्यानं काठी आपटली. "आज तू या घरासाठी खणलंस. तुझ्या घरात आजारी बाई आहे. तिच्यासाठी कोण खणणार, याचा विचार केलास?"

सायलसनं टिकाव खाली टेकवला.

"केला, बाबा," तो म्हणाला. "दोन वर्षं तेवढाच विचार केला."

लेवीला त्या संध्याकाळी माती मिळाली. दुसऱ्या दिवशी अवजारं सायलसच्या खोपीतून योतामूच्या घरी गेली. योतामू तिशीतला, चार पोरांचा बाप. सायलसनंच त्याला कबरीचा कोपरा सरळ कसा राखायचा ते शिकवलं होतं. त्यानं खाली मान घालून फावडी उचलली. पुढच्या महिन्यात पाळक आले, त्यांनी सायलसला बाजूला घेऊन सांगितलं, "थोडे दिवस उपदेश राहू द्या, मागच्या बाकावर बसा. वातावरण निवळू द्या." वातावरण काही निवळलं नाही. सायलस वाटेवर दिसला की बाया डोक्यावरची घागर सावरत तोंड दुसरीकडे वळवून निघून जात. एकटी न्यागोंडवे रोज यायची, एस्नातीचे केस विंचरायची.

एस्नाती जूनमध्ये गेली. आमच्याकडे ते थंडीचे दिवस, टेकडीवर धुकं होतं. पहाटे तिनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि म्हणाली, "दार नीट लावा हो, गार वारा येतोय." तो दार लावून परत वळला तर संपलं होतं सगळं.

उजाडलं आणि गावातली उखळं वाजू लागली. सायलसनं ती ऐकली. किती महिने त्यानं या सकाळची तयारी केली होती मनात! काही उपयोग झाला नाही. तो उंबऱ्यावर बसून राहिला, न्यागोंडवे आपली शेतातली कुदळ घेऊन अंगणात येऊन उभी राहीपर्यंत.

"चला, दादा," ती म्हणाली.

दोघं खणू लागले. गुडघाभर माती निघाली आणि खाली खडक लागला. शेतातली कुदळ त्याच्यावर नुसती टणटण उडायची. सायलस धाप टाकत पाणी प्यायला वाटेवर आला आणि थबकला. वाटेच्या कडेला गवतात पहार पडली होती. गावाची पहार. दवानं ओली झालेली, सहज कोणाच्या खांद्यावरून घसरून पडावी अशी.

सायलसनं ती ओळखली. युक्तीही ओळखली. अरे, ही तर त्याचीच!

खडक फुटत नव्हता, एस्नाती घरात चटईवर पडली होती आणि पहार पायाशी होती. उचलली असती तर त्याला कोण दोष देणार होतं? त्यानं पहार उचलली, पण टेकडीकडे नाही, उलट दिशेला निघाला.

योतामू अंगणात होता. बायको उखळावर होती. सायलसनं पहार त्याच्यापुढे उभी धरली.

"गावाची पहार वाटेत पडली होती, योतामू."

"हो का? पडली असेल, काका." योतामूनं वर पाहिलं नाही.

"मला तिची फार गरज आहे, पोरा. तुला माहितीय. द्यायची असेल तर हातात दे."

योतामूनं बायकोकडे पाहिलं, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याच्या अंगणाकडे पाहिलं. हात मात्र पुढे आला नाही.

"मी रागावलो नाही तुझ्यावर," सायलस म्हणाला. "मीही असंच केलं होतं." पहार भिंतीला टेकवून तो परत फिरला.

खड्डा गुडघ्याहून फारसा खोल गेलाच नाही. दुपारी तिघांनी मिळून एस्नातीला चटईत गुंडाळून, दांड्याला बांधून नेलं. पुढे सायलस, मागे न्यागोंडवे, मधे दांड्याला धरून आंधळे भाऊजी. दोन वेळा खाली ठेवावं लागलं. सायलसनं प्रार्थना केली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मयतीला तो घडाघडा बोलला होता. आज त्याला चारच वाक्यं सुचली. गीत सुरू केलं ते दुसऱ्याच ओळीला थांबलं, मग पुढचं न्यागोंडवेनं म्हटलं. आम्ही एवढे साठ उंबऱ्यांचे ख्रिस्ती लोक, आणि त्या बाईला निरोप द्यायला तीन माणसं! त्यातलं एक आंधळं! हे सांगताना मला आजही शरम वाटते, कारण त्या दिवशी माझ्याही घरातलं उखळ चालू होतं.

माती लोटायला सुरुवात झाली तेव्हा खालून एका अंगणातलं उखळ थांबलं. थोड्या वेळानं योतामू टेकडी चढून वर आला. त्याच्याजवळ काही नव्हतं. पहार आणून आता उपयोगही नव्हता. तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी माती आत ढकलू लागला. खाली वाटेवर मुखियाचा माणूस उभा राहून बघत होता. योतामूनंही त्याला पाहिलं, पण तो उठला नाही.

"काका," तो रडत म्हणाला, "मला उशीर झाला."

"झाला," सायलस म्हणाला. खोटं बोलून त्याचं समाधान करायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. "पण उजेडात आलास. लोट माती."

वाचकहो, राज्य करणाऱ्याचा मान ठेवावा, त्याच्या चांगल्या कामाला पहिला हात लावावा. पण त्याचा हुकूम माणुसकीच्या आड आला, तर देवाला मानणाऱ्यानं समोर उभं राहून नाही म्हणावं आणि त्याचं जे होईल ते सोसावं. दार किलकिलं ठेवून आपण गेलो शेतावर, असलं पुण्य कोणाच्या कामी येत नाही. जे द्यायचं ते हातात द्यावं, आणि माणूस जिवंत आहे तोवर द्यावं.

त्या दुपारी बाकीची उखळं चालूच राहिली. एक तेवढं थांबलं होतं.